सरकारी गायरान ग्रामपंचायतीकडे घेण्यापूर्वी: करवीर तालुक्यातील एका सदस्याच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर

करवीर तालुक्यातील एका ग्रामपंचायत सदस्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गावात सातबाऱ्यावर ‘सरकार, गायरान’ अशी नोंद असलेला एक मोठा गट आहे. त्याच्या एका अंगाने शेजारच्या शेतकऱ्यांचा ऊस आत सरकत आला आहे, रस्त्याच्या बाजूला काही कुटुंबांची घरे आहेत आणि उरलेला माळ मोकळा आहे. जलजीवन मिशनमधील पाण्याची उंच टाकी, घनकचरा प्रकल्पाची शेड, मुलांसाठी क्रीडांगण आणि ग्रामपंचायतीला उत्पन्न मिळावे म्हणून रस्त्यालगत व्यापारी गाळे, असे चार बेत आहेत. त्यासाठी ‘संपूर्ण गट ग्रामपंचायतीच्या नावावर करावा’ असा ठराव करून तो तहसील कार्यालयात देण्यात आला आणि ‘2011 च्या शासन निर्णयामुळे गायरान देता येत नाही’ असे तोंडी उत्तर मिळाले. हे उत्तर बरोबर आहे का, आणि पुढे काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर अर्धे बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यात आपले काम होण्याजोगे आहे. महसूल खात्यात असताना अशा प्रस्तावांवर अहवाल लिहिण्यात आणि निवृत्तीनंतर ग्रामपंचायतींना ते तयार करून देण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्या अनुभवावरून एक गोष्ट खात्रीने सांगतो. प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा मंत्रालयात अडला असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा तो गावातच अडलेला असतो. जमीन मुळात कोणाची आहे, ती कशासाठी राखून ठेवलेली आहे आणि आज प्रत्यक्षात कोणाच्या कब्जात आहे, या तीन प्रश्नांची कागदोपत्री उत्तरे जोडलेली नसतील, तर वर बसलेला कोणताही अधिकारी त्यावर सही करू शकत नाही, आणि करूही नये.

आधी 2011 चा विषय. सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी पंजाबातील एका गावच्या तळ्यावरील अतिक्रमणाच्या प्रकरणात, म्हणजे जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात, गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याची योजना करा असे सर्व राज्यांना सांगितले. अतिक्रमण नियमित करण्याला न्यायालयाने जे मोजके अपवाद ठेवले, त्यांत भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासनाच्या अधिसूचनेने दिलेले पट्टे आहेत आणि ज्या जमिनीवर आधीच शाळा, दवाखाना किंवा अन्य सार्वजनिक सोय उभी आहे अशा जमिनीही आहेत. या निकालानंतर महसूल व वन विभागाने 12 जुलै 2011 रोजी शासन निर्णय काढून गायरान व सार्वजनिक वापराच्या जमिनी वाटण्यावर कडक निर्बंध घातले. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये कलम 22-अ घालण्यात आले आणि हा विषय कायद्याच्या चौकटीत बसला. या कलमानुसार गुरचरणासाठी राखलेली जमीन दुसऱ्या वापराकडे वळवता, प्रदान करता किंवा भाडेपट्ट्याने देता येत नाही. मात्र केंद्र किंवा राज्य शासनाच्या अथवा कायद्याने स्थापन झालेल्या प्राधिकरणाच्या सार्वजनिक प्रयोजनासाठी ती लागत असेल आणि त्या प्रयोजनाला योग्य अशी दुसरी सरकारी जमीन उपलब्ध नसेल, तर ती देता येते. या वाक्यातील दुसरी अट पुन्हा पुन्हा वाचावी. ‘दुसरी योग्य सरकारी जमीन नाही’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी मागणाऱ्यावर असते, आणि माझ्या पाहण्यातील बऱ्याच ठरावांत त्याविषयी चकार शब्द नसतो.

आता ‘नावावर करणे’ या मागणीकडे वळू. सरकारी जमीन ग्रामपंचायतीच्या उपयोगाला आणण्याचे तीन वेगवेगळे मार्ग कायद्यात आहेत आणि त्यांचे परिणामही वेगळे आहेत. पहिला मार्ग संहितेच्या कलम 22 चा. जिल्हाधिकारी सरकारी जमीन स्मशानभूमी, गावठाण, बाजार, खळे, रस्ता, उद्यान अशा ठरावीक सार्वजनिक कामासाठी नेमून देतात. मालकी शासनाकडेच राहते, वापर गावाचा होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय तो वापर बदलता येत नाही. दुसरा मार्ग महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 51 चा. त्यानुसार राज्य शासन मोकळ्या जागा, पडीक व चराऊ जमिनी, रस्ते, विहिरी, तळी, नाले ग्रामपंचायतीकडे निहित करू शकते आणि त्यासोबत शर्ती घालू शकते. निहित होणे म्हणजे खासगी मालकासारखी मालकी मिळणे नव्हे. व्यवस्थापन, देखभाल आणि अतिक्रमण रोखण्याची जबाबदारी येते, विकण्याचा मोकळा अधिकार येत नाही. तिसरा मार्ग प्रदानाचा, म्हणजे संहितेतील कलम 31, 38 व 40 आणि सरकारी जमिनींच्या विल्हेवाटीचे 1971 चे नियम यांखाली कब्जेहक्काने (कायम भोगवट्याच्या हक्काने) किंवा भाडेपट्ट्याने जमीन मिळवण्याचा. इमारतीला निधी देणाऱ्या योजनेला जागेचा स्वतंत्र हक्क दाखवावा लागतो, तेव्हा हा मार्ग लागतो.

आपल्या गावाच्या चार गरजा या तीन मार्गांवर ठेवून पाहिल्या, तर ठरावाची चूक लगेच दिसते. क्रीडांगण आणि कचऱ्याची शेड यांना मालकीची गरज नाही. नेमून दिलेली जागा पुरेशी आहे. पाण्याच्या टाकीला लागणारी जागा थोडीच असते, पण योजनेच्या तांत्रिक मंजुरीसाठी ती निश्चित हद्दींसह दाखवावी लागते. व्यापारी गाळे हे उत्पन्नाचे साधन आहे. कलम 22-अ मधील सार्वजनिक प्रयोजनात ते बसवणे कठीण आहे, आणि तीन रास्त मागण्यांबरोबर ही चौथी मागणी जोडल्यामुळे संपूर्ण प्रस्तावाकडे संशयाने पाहिले जाते. माझा स्पष्ट सल्ला असा आहे की गाळे या प्रस्तावातून काढून टाकावेत, संपूर्ण गटाची मागणी सोडावी आणि प्रत्येक प्रयोजनासाठी आराखड्याप्रमाणे लागेल तेवढेच क्षेत्र, नकाशावर रंगवून, स्वतंत्रपणे मागावे. थोडे आणि नेमके मागणाऱ्या गावाला जमीन मिळते. सगळा गट मागणाऱ्या गावाला बहुधा त्रुटींचे पत्र मिळते.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि कोल्हापूर जिल्ह्यात तर त्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. सातबाऱ्यावर ‘सरकार’ असे लिहिले म्हणजे जमीन निर्विवाद सरकारची झाली असे आपण धरून चालतो. या जिल्ह्याचा बहुतांश भाग 1 मार्च 1949 पर्यंत कोल्हापूर संस्थानात होता. इनामे, वतने, देवस्थाने आणि संस्थानी मुलुखाचे स्वतःचे दप्तर यांचा वारसा प्रत्येक गावाच्या अभिलेखात आहे. त्यामुळे आजच्या संगणकीकृत उताऱ्यावर न थांबता मागे जावे लागते. जुना हस्तलिखित सातबारा, त्यावरील फेरफार (हक्कातील बदलाची नोंद) क्रमांक, ते फेरफार प्रत्यक्ष उघडून पाहणे, आकारबंद (क्षेत्र आणि सारा दाखवणारे पत्रक), गटवारी योजनेच्या (जुन्या सर्व्हे नंबरांचे गट पाडले त्या) वेळचा जबाब, कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातील बदल दाखवणारे) आणि गरज पडली तर कोल्हापूरच्या पुरालेखागारातील मोडी कागद, अशी ही वाट आहे. मोडी वाचणारी माणसे आजही कोल्हापुरात मिळतात. त्यांच्याकडून लिप्यंतर करून घेण्याचा खर्च पुढच्या कोर्टकचेरीपेक्षा कितीतरी कमी असतो.

मागे गेल्यावर काय सापडू शकते ते सांगतो. एक शक्यता अशी की जमीन गायरान नसून मुलकीपड आहे, म्हणजे कोणत्याही खास कामासाठी न राखलेली सरकारी पड. तसे असेल तर कलम 22-अ ची आडकाठीच येत नाही आणि प्रस्ताव कितीतरी सोपा होतो. तलाठी दप्तरातील गाव नमुना 1-ब मध्ये बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनींची नोंद असते. तो नमुना पाहिल्याशिवाय गायरानच मागायला जाणे म्हणजे सरळ रस्ता सोडून बांधावरून चालणे आहे. दुसरी शक्यता आकारीपडीची. जमीन महसूल थकल्यामुळे सरकारजमा झालेल्या या जमिनी मूळ खातेदारांच्या वारसांना परत देण्याचा मार्ग अलीकडच्या दुरुस्तीने मोकळा झाला आहे. अशा जमिनीवर टाकी बांधली आणि दोन वर्षांनी वारस उभे राहिले, तर ग्रामपंचायतीची बाजू दुबळी ठरते.

तिसरी शक्यता देवस्थान इनामाची. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील हजारो मंदिरांचा कारभार आहे आणि त्या मंदिरांच्या जमिनी गावोगावी विखुरलेल्या आहेत. ‘देवस्थान इनाम वर्ग 3’ ही नोंद पूर्वीच्या उताऱ्यावर असून पुनर्लेखनात गळून पडली, असे घडू शकते. ही जमीन देवाची असते. जिल्हाधिकारी ती सरकारी म्हणून ग्रामपंचायतीला देऊ शकत नाहीत. चौथी शक्यता वतनाची, म्हणजे गावाच्या चाकरीबद्दल दिलेल्या जमिनीची, आणि ती सर्वांत नाजूक आहे. शाहू महाराजांनी 1918 मध्ये संस्थानातील महार वतने खालसा करून त्या जमिनी रयतावा, म्हणजे सामान्य रयतेसारख्या साऱ्याच्या, केल्या. पुढे विलीनीकरणानंतर 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने नष्ट झाली, जमिनी शासनाकडे आल्या आणि ठरावीक नजराणा भरल्यावर त्या मूळ वतनदारांना फेरप्रदान करण्याची तरतूद झाली. ज्यांना ती रक्कम भरता आली नाही किंवा ज्यांच्यापर्यंत ही माहितीच पोहोचली नाही, त्यांच्या जमिनीवर ‘सरकार’ ही नोंद तशीच राहिली. अशी जमीन सार्वजनिक कामाच्या नावाखाली मागणे कायद्याने धोक्याचे आहे, आणि न्यायाच्या दृष्टीनेही ते मला पटत नाही. ज्या घराण्यांनी गावाची चाकरी केली त्यांचा हक्क मिटवून गावाने क्रीडांगण करू नये. अशी नोंद निघाली तर वारसांना बोलावून विचारावे आणि जागा बदलावी.

एका गावात हा शोध कसा लागला ते थोडक्यात सांगण्याजोगे आहे. उताऱ्यावर स्वच्छ ‘सरकार’ होते, तलाठ्यांचा अहवाल अनुकूल होता, फक्त इतर अधिकाराच्या रकान्यात कंसात एक फेरफार क्रमांक उरला होता आणि त्याच्यासमोर मजकूर नव्हता. तो फेरफार अभिलेख कक्षातून काढला, तेव्हा जीर्ण पानावर ग्रामदैवताच्या दिवाबत्तीसाठी दिलेली जमीन म्हणून तोच जुना सर्व्हे नंबर निघाला. नव्या उताऱ्यात क्रमांक आला होता, मजकूर आला नव्हता. ग्रामपंचायतीने त्याच आठवड्यात दुसरी जागा पाहिली आणि काम मार्गी लागले. म्हणून इतर अधिकाराच्या रकान्यातील प्रत्येक आकडा उघडून पाहा, तो कितीही जुना असला तरी.

वनाचा प्रश्न करवीरच्या सपाटीवरील गावांना कमी आणि शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांना जास्त भेडसावतो. तरीही गाव नमुना 1-अ, म्हणजे वन जमिनींची नोंदवही, पाहून वन विभागाचा लेखी अभिप्राय घ्यावाच. महसूल दप्तरात सरकारी दिसणारी जमीन वन अधिसूचनेत असेल, तर केंद्राच्या पूर्वमान्यतेशिवाय ती देता येत नाही. महसूल विभागाच्या ताब्यात राहिलेल्या राखीव वनजमिनींच्या वाटपाची तपासणी करण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये पुण्यातील कोंढव्याच्या प्रकरणात दिल्यापासून तर अधिकारी या मुद्द्यावर फार सावध आहेत. हे उत्तर वाचणाऱ्या डोंगरी तालुक्यांतील सदस्यांसाठी एक उपयोगी तरतूद सांगून ठेवतो. वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 3(2) नुसार शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्त भाव दुकान, पिण्याच्या पाण्याची योजना, रस्ता, समाजमंदिर अशा 13 सोयींसाठी प्रत्येकी 1 हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने वळवता येते. त्यात हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तोडावी लागू नयेत एवढी अट आहे. ही वाट माहीत नसल्यामुळे अनेक वाड्या वर्षानुवर्षे लांबच्या प्रस्तावाची वाट पाहत बसल्या आहेत.

आता मोजणी. उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडून संपूर्ण गटाची हद्द कायम मोजणी करून घ्यावी आणि तिची ‘क’ प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) प्रस्तावाला जोडावी. ग्रामपंचायतीच्या अभियंत्याने काढलेला हातनकाशा चालत नाही. मोजणीच्या दिवशी लगतच्या सर्व खातेदारांना नोटिसा पोहोचल्याची पोच फाईलला हवी. एखादा खातेदार नंतर ‘मला कळवलेच नाही’ म्हणाला, की सगळी मोजणी पुन्हा करावी लागते. मोजणीदार हद्दी दाखवतील तिथे त्याच दिवशी दगड रोवून, पंचांच्या सह्या घेऊन, छायाचित्रे काढावीत. उसाच्या फडातून मोजणी करणे अवघड असते, म्हणून आपल्याकडे गाळप हंगाम संपून फड मोकळे झाल्यावर, पावसाळ्यापूर्वी, तारीख मिळेल असा अर्ज आधीच करावा. गायरानात सरकलेल्या उसाचे क्षेत्र किती गुंठे आहे हे या मोजणीतूनच अधिकृतपणे कळते आणि मग त्यावर तोंडी वाद उरत नाही.

ऊस आणि घरे या दोन अतिक्रमणांना मी एकाच तराजूत तोलणार नाही, आणि ग्रामपंचायतीनेही तोलू नये. उसाचे अतिक्रमण बहुधा ज्यांची स्वतःची जमीन शेजारी आहे अशांचे असते. त्याची नोंद गाव नमुना 1-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणांच्या नोंदवहीत, आहे का ते पाहून, नसल्यास करायला लावून, संहितेच्या कलम 50 खाली निष्कासनाची मागणी तहसीलदारांकडे करावी. घरांची गोष्ट वेगळी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये गायरानावरील अतिक्रमणांचा विषय स्वतःहून हाती घेतल्यावर नोटिसा निघाल्या, तेव्हा कोल्हापुरात किती मोठा मोर्चा निघाला हे आपण पाहिले आहे. त्या गर्दीत पिढ्यान्‌पिढ्या गावात राबणारी, पण गावठाणात हातभर जागा नसलेली माणसे होती. घरांखालचे क्षेत्र आपल्या प्रस्तावातून पूर्णपणे वगळावे, नकाशावर ते वेगळे दाखवावे आणि ‘या क्षेत्राबाबत ग्रामपंचायतीची मागणी नाही’ असे ठरावात लिहावे. त्या घरांचे नियमितीकरण किंवा पुनर्वसन हा स्वतंत्र विषय आहे. टाकीच्या निमित्ताने त्यांना उठवण्याचा प्रयत्न झाला, तर टाकीही होणार नाही आणि गावही दुभंगेल.

याच संदर्भात एक गोष्ट आपणा सर्व सदस्यांना स्पष्टपणे सांगणे भाग आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14(1)(ज-3) नुसार सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण केलेली व्यक्ती सदस्य राहण्यास अपात्र ठरते, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ही अपात्रता कुटुंबाच्या अतिक्रमणाचा लाभ घेणाऱ्या सदस्यालाही लागू केली आहे. गायरानात सरकलेल्या उसापैकी एखादी सरी ठराव मांडणाऱ्या किंवा अनुमोदन देणाऱ्या सदस्याच्या घरची असेल, तर विरोधकांचा पहिला अर्ज जमिनीवर येणार नाही, त्या सदस्याच्या पदावर येईल. आधी ती सरी सोडावी, मग ठराव मांडावा.

गुरचरणाची गरज संपली आहे, असा मुद्दा बहुतेक ठरावांत एका वाक्यात उरकलेला असतो: ‘आता गावात कोणी जनावरे चरायला सोडत नाही’. आपल्या जिल्ह्यात म्हशी गोठ्यात आणि वैरण दारात, ही वस्तुस्थिती खरीच आहे. दूध संघाच्या पट्ट्यातील गावांत मोकाट चराई जवळजवळ थांबली आहे. पण मेंढ्या आहेत. हातकणंगले, कागल आणि शिरोळ भागांतील धनगर बांधवांचे कळप वर्षातून काही काळ आपल्याच माळांवर उतरतात आणि त्या गावच्या पशुगणनेत ते दिसत नाहीत. म्हणून पशुधन विकास अधिकाऱ्यांचा अभिप्राय केवळ उपचार म्हणून घेऊ नये. जनावरांची संख्या, उरणारे चराऊ क्षेत्र आणि कळपांचा येण्याजाण्याचा मार्ग मोकळा राहील याची हमी या तीन गोष्टी त्यात आल्या, तर कलम 22-अ च्या कसोटीला प्रस्ताव उतरतो आणि मेंढपाळांशी तंटाही होत नाही. मागणी कमी क्षेत्राची ठेवण्याचा आग्रह मी वर धरला, त्यामागे हेही एक कारण आहे.

आपले गाव पंचगंगेच्या खोऱ्यात आहे, म्हणून पूररेषेचा दाखला विसरू नये. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी धरतात. 2019 आणि 2021 मध्ये पाणी त्याच्या किती वर गेले हे गावाला वेगळे सांगायला नको. निळ्या रेषेच्या, म्हणजे वारंवार येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या, आत कचऱ्याची शेड मंजूर करून घेतली, तर पुढच्या पुरात तोच कचरा खालच्या गावांच्या जॅकवेलपाशी (नदीचे पाणी उपसण्याच्या विहिरीपाशी) जाईल. पाटबंधारे विभागाकडून गट निळ्या आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) रेषेच्या कोणत्या बाजूला येतो याचा दाखला घ्यावा आणि शेडची जागा माळाच्या उंच भागात धरावी.

ठराव नव्याने करावा लागेल. मासिक सभेचा ठराव आणि ग्रामसभेचा ठराव हे दोन्ही हवेत. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी कमी असेल ती. हजेरीपट सह्यांसह जोडावा. ठरावात गट क्रमांक, मागणीचे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, चतुःसीमा, प्रत्येक प्रयोजन, निधीचा स्रोत, गावातील इतर सर्व सरकारी जमिनींची यादी आणि त्या प्रत्येक जमिनीवर हे काम का होऊ शकत नाही याची कारणे असावीत. ही यादी गाव नमुना 1-ब वरून करावी, आठवणीवरून करू नये. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे इतिवृत्तात जसेच्या तसे नोंदवावे. तहसीलदार जाहीरनामा काढून हरकती मागवतातच. ग्रामसभेत दडपलेली हरकत तिथे दुप्पट जोराने येते.

पुढचा कार्यालयीन प्रवास ठरलेला आहे. तलाठ्यांचा, आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांचा, पंचनामा आणि जबाब, मंडळ अधिकाऱ्यांचा अहवाल, तहसीलदारांची स्थळपाहणी, प्रांताधिकाऱ्यांची शिफारस, नगर रचना विभागाचे मूल्यांकन व अभिप्राय. गाव कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाच्या 42 गावांपैकी असेल, तर प्राधिकरणाचाही अभिप्राय लागतो. अंतिम मंजुरी जिल्हाधिकारी देतील, पुण्याचे विभागीय आयुक्त देतील की शासन, हे जमिनीचा प्रकार आणि मूल्य यांवर ठरते. दर टप्प्यावर जावक क्रमांक आणि दिनांक लिहून घेत जावे. तोंडी नकार मिळाल्यास ‘कारणांसह लेखी कळवावे’ असा एका ओळीचा अर्ज द्यावा; लेखी त्रुटी हातात आली की तिची पूर्तता करता येते, तोंडी नकाराची करता येत नाही.

आदेश हातात आल्यावर लोक अभिनंदनाचा फलक लावतात आणि आदेशाचे शेवटचे पान वाचत नाहीत. शर्ती त्या पानावर असतात. जमीन मंजूर प्रयोजनासाठीच वापरावी, ठरावीक मुदतीत काम सुरू करावे, शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतर, पोटभाडे किंवा वापरात बदल करू नये, शर्तभंग झाल्यास जमीन विनामोबदला शासनजमा होईल, असा त्यांचा सर्वसाधारण आशय असतो. क्रीडांगणाच्या कुंपणाला लागून पुढे कधीतरी गाळे काढण्याचा मोह होईल, म्हणून हे आत्ताच सांगतो. तसे केले तर शर्तभंगाची कारवाई होते आणि गाळ्यांत पैसे गुंतवलेले गावातलेच तरुण उघड्यावर येतात. गाळे हवेच असतील, तर ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या मालकीच्या गावठाणातील जागेवर, जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची मान्यता घेऊन, त्यांचा स्वतंत्र विचार करावा.

एक घाई मात्र कृपा करून करू नका. मार्चअखेर निधी परत जाईल या भीतीने, प्रस्ताव प्रलंबित असताना टाकीच्या पायाचा खड्डा मारण्याचा प्रकार सर्रास होतो. परवानगीशिवाय केलेले बांधकाम ग्रामपंचायतीचे असले तरी ते सरकारी जमिनीवरील अतिक्रमणच असते. लेखापरीक्षणात त्या खर्चावर आक्षेप येतो आणि वसुलीची जबाबदारी सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्यावर वैयक्तिकपणे येऊ शकते. निधीची खरीच अडचण असेल, तर प्रस्तावासोबत आगाऊ ताब्याची स्वतंत्र, कारणांसहित विनंती करावी आणि लेखी आदेश मिळेपर्यंत थांबावे.

मंजुरीनंतर मंडळ अधिकाऱ्यांकडून मोजणीच्या खुणांवर उभे राहून ताबा घ्यावा. कब्जेपावतीवर क्षेत्र, चतुःसीमा, दिनांक आणि दोन्ही बाजूंच्या सह्या असाव्यात. ‘जागेवर ताबा दिला’ एवढ्याच मजकुरावर सही करू नये. त्या पावतीवरून फेरफार मंजूर करून घेऊन सातबाऱ्यावर आदेशाचा क्रमांक आणि शर्ती यांची नोंद आली की नाही ते पाहावे, आणि ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्ता नोंदवहीत, म्हणजे नमुना 22 मध्ये, आणि जमिनीच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना 24 मध्ये, त्याच महिन्यात नोंद घ्यावी. कोल्हापूर महानगरपालिकेची हद्द 1972 मध्ये महानगरपालिका झाल्यापासून वाढलेली नाही, पण हद्दवाढीचा प्रश्न मिटलेलाही नाही. उद्या आपले गाव शहरात गेले, तर ग्रामपंचायतीची मालमत्ता महानगरपालिकेकडे वर्ग होताना याच नोंदवह्या आधार धरल्या जातील, आणि ज्या क्रीडांगणाची नोंद त्यांत नसेल ते पुन्हा ‘सरकार, गायरान’ म्हणून दुसऱ्या कोणाच्या तरी मागणीत येईल.

आपल्या प्रकरणात पहिले काम म्हणजे गाव नमुना 1-अ, 1-ब आणि 1-ई यांच्या प्रमाणित प्रती व या गटावरील सर्व फेरफारांच्या नकला मिळवण्याचे. त्या हाती आल्यावर गट खरोखर गायरान आहे, मुलकीपड आहे की आणखी काही, हे ठरेल, आणि ठरावाचा मसुदा त्यानंतरच लिहायला घ्यावा.